उपग्रहाचं बाष्प आणि फुग्याचं बाष्प: फरक कुणाच्या खात्यावर टाकायचा?

निरभ्र (प्रश्न)

एक्वा उपग्रहावरच्या एअर्स या अवरक्त उपकरणाचं लेव्हल-२ (मोजलेल्या किरणांवरून काढलेलं), आवृत्ती ७ चं बाष्प रेडिओसॉन्डशी, म्हणजे हवामान-फुग्याला बांधलेल्या मापकाशी, ताडून बघतोय. फुग्यांचा डेटा इग्रा या जागतिक रेडिओसॉन्ड-संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीतला. स्टेशनं निरनिराळ्या रेखांशांवरची आहेत.

पद्धत अशी: स्टेशनपासून १०० किमीच्या आत आणि ००/१२ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ±३ तासांत जो सगळ्यांत जवळचा पिक्सेल मिळेल तो घ्यायचा. सॉन्डच्या सापेक्ष आर्द्रतेवरून बाष्पदाब काढायचा. तापमान शून्याच्या वर असेल तर पाण्यावरचा संपृक्त बाष्पदाब धरून, शून्याच्या खाली असेल तर बर्फावरचा धरून. त्यावरून विशिष्ट आर्द्रता, आणि ती एअर्सच्या दाबपातळ्यांवर सरळ रेषेने इंटरपोलेट. मग प्रत्येक पातळीवर (उपग्रह − सॉन्ड) ÷ सॉन्ड ही टक्केवारी आणि तिची सरासरी. स्तंभातल्या एकूण बाष्पासाठी साधा ट्रॅपेझॉइड (लगतच्या दोन पातळ्यांची सरासरी गुणिले थराची जाडी).

तीन गोष्टी खटकतायत. ४०० हेक्टोपास्कलच्या वर (उंचीने) उपग्रह सॉन्डपेक्षा सरसकट ओला दिसतो, वर जावं तसा फरक वाढतो, आणि दिवसा आणखी वाढतो. काही पातळ्यांवर सरासरी टक्केवारी शंभरच्या पार जाते, ती खरी असेल असं वाटत नाही. आणि ८५० च्या खाली बायस (एकाच दिशेची चूक) फारसा नाही, पण विखुरलेपण प्रचंड आहे.

अ‍ॅव्हरेजिंग कर्नल (उपग्रहाला कुठल्या उंचीचं बाष्प किती दिसतं ते सांगणारा तक्ता) अजून लावलेला नाही. लावायलाच हवा का? आणि या फरकातलं उपग्रहाचं किती, फुग्याचं किती, हे वेगळं कसं करतात?

---

दवबिंदू

कर्नल नंतर. आधी "शून्याच्या खाली बर्फावरचा" ही ओळ प्रोग्रॅममधून काढा.

रेडिओसॉन्डची सापेक्ष आर्द्रता जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार कायम द्रव पाण्याच्या संदर्भात दिलेली असते, उणे ७० अंशालासुद्धा. दवबिंदूचंही तसंच. उणे २० ला बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब १.०३ हेक्टोपास्कल आणि अतिशीत पाण्यावरचा १.२५, म्हणजे गुणोत्तर ०.८२. उणे ४० ला ०.१२८ आणि ०.१८९, गुणोत्तर ०.६८. म्हणजे तुमच्या गणितात उणे ४० च्या पातळीवर सॉन्डचं बाष्प खऱ्याच्या ०.६८ पट झालं, आणि उपग्रह अगदी बिनचूक असता तरी तो तुम्हाला ४७ टक्के ओला दिसला असता. वर जावं तसा वाढणारा तुमचा फरक बराचसा इथेच संपेल.

उलट बाजूनेही काळजी घ्या. पाण्याच्या संदर्भात ७५ टक्के ही उणे ४० ला बर्फाच्या संदर्भात ११० टक्के होते. ही अतिसंपृक्त हवा खरी असते, सिरस ढगांच्या आसपास नेहमी सापडते. शंभराच्या वर गेली म्हणून गाळणी लावून फेकू नका. सूत्र कोणतं वापरता तेही ठरवून घ्या: उणे ५० पर्यंत बहुतेक सूत्रं जुळतात, त्याखाली पाण्यावरच्या बाष्पदाबाची सूत्रं एकमेकांपासून फटकून वागतात. सॉन्ड बनवणाऱ्याने जे वापरलं तेच उलट दिशेने वापरावं. व्हैसाला कंपनीच्या सॉन्डसाठी ते हायलंड-वेक्सलर.

आता इग्राची फाइल. दाब पास्कलमध्ये, तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू-अवनती (तापमान वजा दवबिंदू) तिन्ही दहापट केलेले पूर्णांक. −९९९९ म्हणजे मूल्य नाही, −८८८८ म्हणजे मूल्य होतं पण गुणवत्ता तपासणीत काढून टाकलं. लोक पहिला आकडा गाळतात आणि दुसरा विसरतात. बऱ्याच स्टेशनांसाठी आर्द्रतेचा रकाना रिकामा आणि अवनतीचा भरलेला असतो, कारण मूळ संदेश जुन्या टेम्प या सांकेतिक आकड्यांच्या पद्धतीचा. त्या पद्धतीत अवनती ५ अंशांपर्यंत दशांशात आणि त्यापुढे पूर्ण अंशात जाते. दवबिंदू उणे ३० असताना अर्ध्या अंशाची गोलाई म्हणजे बाष्पात जवळपास ५ टक्के. कोरड्या थरांतलं तुमचं विखुरलेपण काही अंशी या गोलाईचं आहे. टेम्पनंतर आलेल्या बफर स्वरूपातली उच्च-विभेदन फाइल मिळत असेल तर तीच घ्या.

तिसरी गोष्ट इंटरपोलेशनची. बाष्प उंचीबरोबर झपाट्याने घटतं, त्यामुळे विरळ पातळ्यांमध्ये सरळ रेष ओढली की ते हटकून जास्त येतं. ७०० ला ६ ग्रॅम प्रति किलो आणि ५०० ला १.५ धरा. ट्रॅपेझॉइडने थराची सरासरी ३.७५ येते, म्हणजे ७.६५ मिमी. बाष्पाचा लॉग आणि दाबाचा लॉग घेऊन इंटरपोलेट केलं तर सरासरी ३.३७ आणि थरात ६.८७ मिमी. एकाच थरात पाऊण मिमीहून जास्त फरक, आणि तोही नेहमी एकाच दिशेने.

सूत्रं एकदा लिहून ठेवतो, कारण मिश्रण-गुणोत्तर आणि विशिष्ट आर्द्रता यांची सर्रास सरमिसळ होते:

विशिष्ट आर्द्रता = ०.६२२ × बाष्पदाब ÷ (हवेचा दाब − ०.३७८ × बाष्पदाब)
मिश्रण-गुणोत्तर = ०.६२२ × बाष्पदाब ÷ (हवेचा दाब − बाष्पदाब)
थरातलं बाष्प = सरासरी विशिष्ट आर्द्रता × थराची दाबजाडी ÷ ९.८०६६५

दाब पास्कलमध्ये आणि आर्द्रता किलो प्रति किलो घेतली की उत्तर किलो प्रति चौरस मीटर, म्हणजेच मिमी. १००० ते ९२५ च्या थरात सरासरी १४.५ ग्रॅम असेल तर ०.०१४५ × ७५०० ÷ ९.८०६६५ = ११.१ मिमी. एअर्स कोरड्या हवेच्या प्रमाणातलं मिश्रण-गुणोत्तर देतो. २० ग्रॅमच्या आसपास दोघांत २ टक्के फरक असतो, तेव्हा तुलनेआधी दोन्ही एकाच राशीत आणा.

फुगा कुठपर्यंत गेला तेही बघा. ३०० च्या वर उष्णकटिबंधातसुद्धा एक-दोन दशांश मिमीच उरतं, ते सोडून दिलं तरी चालतं. पण फुगा ५०० ला फुटला असेल तर दमट हवेत तीनेक मिमी हुकतात. स्तंभाच्या तुलनेत तो घेऊच नका.

---

सहस्थान

८५० च्या खालचं विखुरलेपण माझ्या मते जोड्यांमुळे आहे, एअर्समुळे कमी.

आधी वेळ. ००/१२ यूटीसी ही नाममात्र वेळ. फुगा त्याआधी पाऊण ते एक तास सुटलेला असतो. चढण्याचा वेग सुमारे ५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ५.५ किमी उंची, साधारण ५०० हेक्टोपास्कल, तो १८-१९ मिनिटांत गाठतो आणि १२ किमी ४० मिनिटांत. स्तंभातलं बहुतेक बाष्प ५०० च्या खाली असतं. तेव्हा एकूण बाष्पाची खरी वेळ "सोडल्यानंतर दहा मिनिटं" ही धरायची, नाममात्र तास नव्हे. इग्राच्या शीर्षओळीत सोडण्याची वेळ तास-मिनिटांत असते; ९९९९ असेल तर माहीत नाही. टेम्प संदेशात ती ३१३१३ या विभागात ८ ने सुरू होणाऱ्या गटात सापडते.

आता रेखांशाचा पेच, जो भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. एक्वा विषुववृत्त ओलांडतो स्थानिक सौरवेळेनुसार दुपारी आणि रात्री १:३० ला (निदान इंधन राखण्यासाठी कक्षा सैल सोडेपर्यंत ओलांडत होता, २०२२ नंतर ही वेळ पुढे सरकत चालली आहे, ताज्या वर्षांसाठी प्रत्येक ग्रॅन्यूलची (डेटाच्या तुकड्याची) वेळच वाचा). फुगे सुटतात यूटीसीनुसार. सौरवेळ = यूटीसी + रेखांश ÷ १५. मांडून बघा: १२ यूटीसीला दुपारचे १:३० वाजलेले असतात फक्त २२.५ अंश पूर्वेला, आणि ०० यूटीसीला १५७.५ अंश पश्चिमेला. ±३ तास दिले तरी या दोन रेखांशांच्या दोन्ही बाजूंना ४५-४५ अंशांचा पट्टाच मिळतो. ७५ अंश पूर्वेला एक्वा येतो ०८:३० यूटीसीला, म्हणजे १२ च्या फुग्यापासून साडेतीन तास दूर. झोताच्या (उपग्रहाला एका फेरीत दिसणाऱ्या पट्ट्याच्या) रुंदीमुळे विषुववृत्तावर अर्ध्या तासाचं इकडेतिकडे होतं, तेवढ्याने काही जोड्या काठावर येतील. म्हणून "निरनिराळ्या रेखांशांवरची स्टेशनं" असं तुम्ही लिहिलंत तरी प्रत्यक्ष जोड्या दोनच पट्ट्यांतल्या असणार, आणि एकेका काठावरच्या सगळ्या जोड्यांत वेळेचा फरक एकाच दिशेचा. दिवसभरात खालच्या थरांतलं बाष्प बदलतं, ते तुमच्याकडे बायस म्हणून उमटतं. मेटॉप उपग्रहावरचं आयएएसआय हे तसंच उपकरण सकाळ-रात्री ९:३० ला येतं, त्याचे पट्टे ३७.५ पश्चिम आणि १४२.५ पूर्व. दोन्ही उपकरणं एकाच स्टेशनावर पडताळून "हे चांगलं, ते वाईट" असं म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

अंतराचं म्हणाल तर १०० किमी खालच्या थरांसाठी फार आहे. ५० किमी आणि १ तास ठेवा. जोड्या कमी होतील, होऊ द्या. त्याहून घट्ट करून उपयोग नाही, कारण एअर्सचं एक रिट्रीव्हल (किरणांवरून काढलेलं एक प्रोफाइल) ३×३ पिक्सेलचं असतं, ऐन उपग्रहाखाली सुमारे ४५ किमी आणि झोताच्या कडेला त्याहून बरंच मोठं. कडेच्या जोड्या वेगळ्या ठेवून बघा.

फुगा वाहतो, हेही धरा. ६ ते १२ किमी चढायला २० मिनिटं. तिथे ४० मीटर प्रति सेकंद वारा असेल तर तेवढ्यातच ४८ किमी. म्हणजे खालचे थर एका पिक्सेलमध्ये आणि वरचे शेजारच्या. बफर फाइलमध्ये प्रत्येक पातळीची वेळ आणि जागा असते, त्यानुसार थराथराला पिक्सेल बदलता येतो. नसेल तर वाऱ्यावरून आणि चढण्याच्या वेगावरून मार्ग काढा, तो पुरेसा बरा येतो.

डोंगराळ स्टेशनांवर आणखी एक. पिक्सेलची सरासरी जमीन आणि स्टेशनची उंची यांत १०० मीटरचा फरक असेल आणि तळाला १५ ग्रॅम बाष्प असेल तर १.१५ × ०.०१५ × १०० = १.७ मिमी तिथेच गेले. दोन्ही स्तंभ एकाच तळदाबापासून मोजा.

---

ताराबाष्प

दिवसा जास्त ओला दिसण्याचं कारण: सॉन्डचा प्रकार बघितला का?

व्हैसालाचा आरएस-९२ दिवसा कोरडा दाखवतो. त्याच्या सेन्सरवर टोपी नव्हती. ऊन पडून तो भोवतालच्या हवेपेक्षा गरम होतो आणि गरम सेन्सरला सापेक्ष आर्द्रता कमी भासते. उणे ४० ला सेन्सर एका अंशाने जरी गरम असला तरी आर्द्रता मूळच्या सुमारे १० टक्क्यांनी कमी येते, आणि हवा जितकी थंड तितकं हे वाढतं. कारखान्याच्या प्रणालीत यासाठी दुरुस्ती आली ती २०१० च्या अखेरीस. म्हणजे त्याच स्टेशनावर, त्याच सॉन्डच्या मालिकेत, सॉफ्टवेअर बदलल्याच्या दिवशी पायरी दिसू शकते. पुढे २०१३ पासून आरएस-४१ आला. त्यात आर्द्रतेच्या सेन्सरवरच तापमानाचा सेन्सर बसवला आहे, त्यामुळे सेन्सर किती गरम आहे ते मोजूनच हिशेबात घेतलं जातं. शिवाय तो हवेपेक्षा मुद्दाम थोडा गरम ठेवतात, त्यामुळे ढगातून बाहेर पडल्यावर दव किंवा बर्फ चिकटून राहत नाही.

एक्वाचा डेटा २००२ पासूनचा. तेवढ्या काळात बहुतेक स्टेशनांनी सॉन्ड एकदा तरी बदलला, तोही वेगवेगळ्या वर्षी. सगळं एकत्र करून काढलेल्या बायसला अर्थ नाही. बफरमध्ये सॉन्डच्या प्रकाराचा संकेतांक असतो, टेम्पमध्ये तोच ३१३१३ मध्ये. त्यानुसार गट पाडा.

दिवस-रात्रही घड्याळावरून नको, सूर्याच्या कोनावरून ठरवा. जमिनीवर सूर्य मावळला तरी १२ किमीवर क्षितिज साडेतीन अंश खाली असतं, ३० किमीवर साडेपाच. सूर्य उणे ६ अंशांच्या खाली असेल तीच रात्र म्हणा, मधला संधिकाल दोन्हींतून वगळा.

सेन्सरचा सुस्तपणा ही तिसरी गोष्ट. अतिथंड हवेत आर्द्रतेचा सेन्सर बदल टिपायला दहा-वीस सेकंदांपासून मिनिट-दोन मिनिटंही घेतो. १०० सेकंद म्हणजे चढाईचे ५०० मीटर. ट्रोपोपॉजच्या खालची ओली-कोरडी सीमा पुसट होते आणि वर सरकते.

हे सगळं स्वतः दुरुस्त करत बसायचं नसेल तर ग्रुआनची स्टेशनं घ्या. २००८ मध्ये सुरू झालेलं हे संदर्भजाळं, मुख्य केंद्र जर्मनीत लिंडेनबर्गला. तिथे कच्च्या मोजमापापासून ऊन, सुस्तपणा, सुटण्याआधीची तपासणी या सगळ्याचं गणित नव्याने केलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक पातळीवर अनिश्चितता दिलेली असते. स्टेशनं थोडी आहेत, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तीच देतील.

---

थरसरासरी

कर्नलबद्दल.

एअर्सला हवेच्या उभ्या काटछेदात बाष्पाच्या मोजक्या स्वतंत्र गोष्टी दिसतात. थर कितीही छापून आले तरी त्यांतली खरी माहिती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सॉन्डला मात्र ३०० मीटर जाडीचा कोरडा पापुद्राही दिसतो. तेव्हा सॉन्डला उपग्रहाच्या नजरेतून बघावं लागतं (पूर्वअंदाज म्हणजे रिट्रीव्हल ज्यापासून सुरू होतं ते प्रोफाइल):

गुळगुळीत सॉन्ड = पूर्वअंदाज + कर्नल × (सॉन्ड − पूर्वअंदाज)

बाष्पासाठी हे सगळं नैसर्गिक लॉगमध्ये करायचं आणि शेवटी घातांक घ्यायचा. लॉग न घेता केलं तर खालच्या दमट थरांचं बाष्प वरच्या कोरड्या थरांत गळतं, प्रसंगी मूल्य ऋणही येतं. एअर्समध्ये कर्नल थेट १०० थरांवर नसतो. समलंबी आकाराच्या काही फलनांवर असतो. आधी सॉन्ड आणि पूर्वअंदाज यांच्यातला लॉग-फरक त्या फलनांच्या छद्म-व्यस्ताने (स्यूडो-इन्व्हर्सने) तिकडे न्यायचा, कर्नल लावायचा, मग फलनांनी परत १०० थरांवर आणायचा. त्यासाठी मानक नव्हे, सपोर्ट उत्पादन उतरवा. १०० पातळ्या आणि पूर्वअंदाज त्यात मिळतात.

अडतं कुठे? सॉन्डमध्ये ० टक्के आर्द्रता नोंदलेली असली की लॉग कोसळतो, म्हणून आधी किमान मर्यादा घाला. सॉन्ड जिथे संपतो त्याच्या वरचा भाग पूर्वअंदाजाने भरा, शून्याने नव्हे. तिथला फरक शून्य झाला की कर्नल तिथून काही ओढत नाही. आणि सांधा जोडताना मोठी पायरी राहिली तर ती खाली पसरते, ३०-४० हेक्टोपास्कलमध्ये हळूहळू मिसळा.

कर्नल लावण्याआधीची एक चाळणी: तुम्ही कोणता रकाना वाचताय? एअर्सच्या मानक फाइलमध्ये बाष्पाचं थर-सरासरी मूल्य आणि पातळीवरचं मूल्य असे दोन वेगळे रकाने आहेत, ज्याच्या नावात "लेव्ह" आहे तो पातळीचा. थराचं मूल्य थराच्या तळाच्या दाबाशी जोडून वाचलं तर कोरडा बायस तयार झालाच समजा. थराशी तुलना करताना सॉन्डचंही त्या दोन दाबांमधलं वस्तुमान-भारित सरासरी मूल्य काढा, मधल्या दाबाला इंटरपोलेट केलेलं नको.

---

ओलावा

वरच्याशी अर्धा असहमत.

कर्नल लावून केलेली तुलना एवढंच सांगते की रिट्रीव्हल स्वतः जे म्हणतं तसं वागतं की नाही. जिथे कर्नल जवळपास शून्य, उदाहरणार्थ जमिनीलगत, जिथे हवा आणि जमीन यांच्या तापमानात फरक नसल्याने अवरक्त किरणांना बाष्प उमगतच नाही, तिथे गुळगुळीत सॉन्ड म्हणजे जवळपास पूर्वअंदाजच. उपग्रहाचं उत्पादनही पूर्वअंदाजच. दोन्ही छान जुळतात आणि आलेख सुरेख दिसतो! पण तोच डेटा वापरणाऱ्याला तिथे प्रत्यक्षात काय चूक मिळते, ते त्या आलेखात नाही.

दुसरं, हा पूर्वअंदाज कुठून येतो? आवृत्ती ६ पासून एअर्समध्ये तो न्यूरल नेटवर्कचा आहे, आणि ते शिकवलं आहे युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या विश्लेषणांवर. त्या विश्लेषणांत रेडिओसॉन्ड आधीच मुरलेले असतात. मग पडताळणीचा सॉन्ड किती स्वतंत्र राहिला? पूर्वअंदाजाचीही सॉन्डशी तुलना करून शेजारी छापा. रिट्रीव्हलने त्यात काही सुधारणा केली की नाही, हे तिथेच उघडं पडतं.

म्हणून तिन्ही द्या: कच्चं, फक्त थर-सरासरी, आणि कर्नलसह. वापरणाऱ्याला पहिली दोन लागतात, अल्गोरिदमवाल्याला तिसरं.

टक्केवारी शंभरच्या पार जाते ती भाजकामुळे. सॉन्ड ०.०२ ग्रॅम म्हणाला आणि उपग्रह ०.०८, तर ती एकटी जोडी ३०० टक्के घेऊन बसते. प्रत्येक जोडीची टक्केवारी काढून सरासरी घेऊ नका. सगळ्या फरकांची बेरीज ÷ सगळ्या सॉन्ड-मूल्यांची बेरीज × १०० घ्या, म्हणजे सॉन्डच्या बाष्पाइतकं वजन आपोआप मिळतं. काहीजण वर्गाचं वजन घेतात. चालतं, पण मग आकडा जवळपास दमट दिवसांचाच होतो. कोणतं वजन ते लिहा. एअर्सकडून अपेक्षित अचूकता २ किमीच्या थरांत १५ टक्के अशी आहे, तेव्हा तुमचे थरही तेवढे जाड करून मगच त्या आकड्याशी ताडा.

आणि निरभ्र आकाशाचा बायस. ढग-निवारण (ढगांचा परिणाम किरणांतून वजा करणं) करूनही दाट ढगात रिट्रीव्हल पडतंच, ओले दिवस गळतात. हे मोजायला उपग्रह लागतही नाही: ज्या सॉन्डना चांगला जोडीदार मिळाला त्यांची सरासरी वजा त्याच स्टेशन-वेळेच्या सगळ्या सॉन्डची सरासरी. जोडीतल्या फरकात तो दिसणार नाही, मासिक नकाशा करणाऱ्याला मात्र नडेल.

---

निरभ्र

सर्वांना धन्यवाद. बर्फाची ओळ काढली, लॉग-लॉग इंटरपोलेशन घातलं. आता दोनच गोष्टी विचारतो. गुणवत्तेच्या खुणांपैकी ० आणि १ दोन्ही घ्यायचे का? आणि "जोडीतल्या अंतरामुळे आलेला फरक" वेगळा आकडा म्हणून काढता येतो का, की नुसता खिडकी लहान करून बघायचा?

---

दवबिंदू

खुणा: ० उत्तम, १ चांगलं, २ वापरू नका. कशाला काय, हे उद्देशावर. एका पातळीचं उत्पादन तपासताय तर ० वेगळं, १ वेगळं छापा. एकत्र केलं तर १ मधली ढगाळ जोडी ० च्या नावावर जाते. प्रोफाइलसोबत "इथपर्यंत उत्तम" आणि "इथपर्यंत चांगलं" असे दोन दाब येतात, त्यांच्या खालचं त्या दर्जाचं नाही. एकूण बाष्पासाठी त्याची स्वतःची खूण बघा, वरच्या थरांची उसनी घेऊ नका.

---

सहस्थान

आकडा काढता येतो. ईआरए-५ हे हवामानाचं पुनर्विश्लेषण तासागणिक आणि पाव अंशाच्या जाळीवर मिळतं. सॉन्डच्या जागा-वेळेला त्यातलं बाष्प घ्या, उपग्रहाच्या जागा-वेळेला घ्या, आणि दोन फरकांचा फरक काढा:

(उपग्रह − उपग्रहाच्या वेळचं ईआरए) − (सॉन्ड − सॉन्डच्या वेळचं ईआरए)

ईआरएमध्ये सॉन्डही शिरलेले आहेत आणि उपग्रहही, म्हणून त्याला पंच करू नका. इथे त्याचं मूल्य वापरत नाही, दोन जागांमधला उतार वापरतोय. जोडीगणिक ईआरएच्या दोन मूल्यांतल्या फरकाचं प्रमाण विचलन म्हणजे तुमची जोडणी-अनिश्चितता. पाव अंशाच्या आतले चढउतार त्यात येत नाहीत, म्हणून ती किमान समजा. खात्रीसाठी जोड्या ०-३०, ३०-६०, ६०-१०० किमी अशा वाटून प्रत्येक वाट्याचं प्रमाण विचलन काढा. अंतर शून्याकडे नेलं की ते जिथे टेकतं तो जोडणीशिवायचा उरलेला भाग.

मग ग्रुआनची कसोटी लावा. प्रत्येक थरात |उपग्रह − सॉन्ड| ची तुलना के × √(उपग्रहाची अनिश्चितता² + सॉन्डची² + जोडणीची²) शी. के = १ च्या आत साधारण ६८ टक्के जोड्या आणि २ च्या आत ९५ टक्के बसायला हव्यात. बऱ्याच कमी बसल्या तर कुणीतरी आपली अनिश्चितता कमी सांगतंय. जवळजवळ सगळ्याच के = १ च्या आत बसल्या तर जोडणीचा आकडा फुगवला गेलाय, तो आधी तपासा.

---

ताराबाष्प

एक आडवाट सुचवतो, विशेषतः ३०० च्या वरच्या भागासाठी. रिट्रीव्हल बाजूला ठेवून किरणांच्या पातळीवरच तुलना करा: सॉन्डचं प्रोफाइल आरटीटीओव्हीसारख्या विकिरण-प्रतिमानात घालून तेजस्विता-तापमान (किरणांची तीव्रता तापमानाच्या रूपात) काढा आणि उपग्रहाने प्रत्यक्ष मोजलेल्याशी ताडा. पूर्वअंदाज नको, कर्नल नको. १८३.३१ गिगाहर्ट्झच्या बाष्परेषेच्या मध्याजवळच्या वाहिन्यांना दमट हवेत जमीन दिसतच नाही, त्यामुळे जमिनीच्या उत्सर्जकतेची कटकटही टळते. रेषेपासून दूरच्या वाहिन्यांना मात्र ती द्यावी लागते. एक्वावर यासाठीचं एचएसबी हे उपकरण होतं पण ते २००३ च्या सुरुवातीलाच बंद पडलं, तेव्हा सुओमी एनपीपी उपग्रहावरचं एटीएमएस हे सूक्ष्मलहरी उपकरण घ्या. तेही दुपारी १:३० चंच, म्हणजे तुमचे रेखांशाचे पट्टे तेच राहतील. सॉन्डच्या वरचा भाग इथेही भरावा लागतो, आणि ढगात बर्फ असला तर सूक्ष्मलहरी विखुरतात, म्हणून गडगडाटी ढगांच्या जोड्या आधी काढून टाका.